रस्त्यांच्या जोडणीवरून शहराचा पसारा मोजताय? या चुका टाळा

लहान शहराच्या वाढीवरचे बहुतेक अहवाल दोनच गोष्टी सांगतात: लोकसंख्या किती वाढली आणि बांधकामाखालचं क्षेत्र किती वाढलं. नवे रस्ते एकमेकांना कुठे मिळतात आणि कुठे मिळतच नाहीत, हे फार थोडे जण मोजतात. माझ्या मते ते सर्वांत आधी मोजायला हवं. घर पाडून पुन्हा बांधता येतं. पण प्लॉट विकले गेले आणि कंपाउंडच्या भिंती उभ्या राहिल्या, की बंद रस्ता पुढे काढणं जवळजवळ अशक्य होतं. शाळकरी मुलं, भाजीवाले, रुग्णवाहिका सगळे पुढची कित्येक दशकं वळसा घालत राहतात.

मोजायची साधनं फुकट आहेत: ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला खुला नकाशा, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि त्या नकाशातून रस्त्यांचं जाळं उतरवून मोजणारी पायथनमधली ओएसएमएनएक्स ही लायब्ररी. आकडा पटकन निघतो, अडचण त्याच्यावर विश्वास ठेवण्यात आहे. उदाहरणासाठी सातारा समोर ठेवू. २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख २० हजार वस्ती, वारांच्या नावांच्या जुन्या पेठा, दक्षिणेला अजिंक्यतारा, पूर्वेकडून जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग आणि या सगळ्याभोवती पसरत गेलेल्या वसाहती.

चौक फारच जास्त निघतात

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्ता वळतो तिथेही बिंदू असतो. तो चौक नव्हे. जाळं आधी सोपं करून घ्या, म्हणजे फक्त तिठे, चौक आणि बंद टोकं उरतील. दुसरं कारण महामार्ग. तो दोन समांतर रेषांनी काढलेला असतो, शेजारी सेवा रस्ते असतात, त्यामुळे एका चौकाचे चार किंवा सहा होतात. जवळचे बिंदू एकत्र करायची सोय ओएसएमएनएक्समध्ये आहे आणि आपण बदलली नाही तर तिची मर्यादा १० मीटरची असते. महामार्गावर ती कमी पडते, तर पेठेत जास्त होते आणि दोन वेगळे बोळ एक होऊन जातात. ५, १० आणि १५ मीटर लावून तिन्ही निकाल नकाशावर डोळ्यांनी पाहा. पोवई नाक्याकडे खास लक्ष द्या. तिथे ग्रेड सेपरेटर आहे, म्हणजे एक रस्ता दुसऱ्याच्या खालून जातो. खालून जाणारा रस्ता वरच्याला छेदताना दिसतो, पण गाडीला तिथून वर वळता येत नाही. क्यूजीआयएसमध्ये रेषा जिथे छेदतात तिथे सरसकट तोडल्या, तर नसलेले चौक तयार होतात.

जुनी पेठच विस्कळीत दिसते

हा निकाल आला की थांबा. बहुधा जाळं उतरवताना ‘ड्राइव्ह’ हा पर्याय निवडलेला असतो. त्यात पायवाटा, पायऱ्या आणि सर्व्हिस म्हणून नोंदवलेले रस्ते वगळले जातात. पेठेतले बोळ नेमके त्यातच येतात. लोक रोज ज्या बोळातून चालत आणि दुचाकीवरून जातात तो नकाशातून गायब होतो आणि उरलेला रस्ता बंद दिसतो. आपल्याकडच्या लहान शहरासाठी पायी जाळंच आधी मोजावं आणि मोटारीचं वेगळं दाखवावं. फाटकं लावलेल्या सोसायट्यांचे रस्ते मात्र तपासून घ्या. नकाशावर ते खुले असले तरी प्रत्यक्षात रखवालदार आत सोडत नाही.

हद्दीवर बंद रस्त्यांची रांग लागते

पालिकेच्या हद्दीवर नकाशा कापला की हद्द ओलांडणारा प्रत्येक रस्ता बंद ठरतो. हद्दीबाहेर निदान अर्धा किलोमीटर जास्तीचा नकाशा घ्या, प्रत्येक बिंदूला किती रस्ते मिळतात ते आधी मोजा आणि नंतरच कापा.

हद्द बदलली असेल तर आणखी घोळ होतो. २०२० मध्ये साताऱ्याची हद्दवाढ झाली आणि शाहूपुरी, विलासपूरसारखा भाग पालिकेत आला. जुन्या हद्दीचा आकडा नव्या हद्दीच्या आकड्याशेजारी ठेवला तर शहर एका रात्रीत बिघडल्यासारखं दिसेल. त्या वसाहती आधीपासून तिथेच होत्या. चौकांची घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरला किती चौक, काढताना भागाकारासाठी पालिकेचं क्षेत्रफळही वापरू नका. यूएन-हॅबिटॅट ही संयुक्त राष्ट्रांची शहरांसाठीची संस्था दर चौरस किलोमीटरला १०० चौकांची शिफारस करते, पण त्या क्षेत्रात डोंगरउतार आणि ऊसही मोजलात तर कोणतंच शहर तिथवर पोहोचणार नाही. बांधकाम असलेलं क्षेत्र घ्या.

एकाच आकड्यावर भरवसा

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होतं.

एक काल्पनिक लेआउट घ्या. मुख्य रस्त्यावरून एक सरळ रस्ता आत जातो. त्याला पाच ठिकाणी दोन्ही बाजूंनी गल्ल्या फुटतात. सगळ्या गल्ल्या बंद आहेत आणि रस्ताही शेवटी बंद होतो. चौक-तिठे ६, बंद टोकं ११. या सहांपैकी पाच ठिकाणी चार रस्ते मिळतात, म्हणून ‘चार रस्त्यांच्या चौकांचं प्रमाण’ एवढंच पाहणारा याला उत्तम आखणी म्हणेल. पण चौकांच्या संख्येला चौक आणि बंद टोकं यांच्या बेरजेने भागलं की ६ भागिले १७, म्हणजे ०.३५ येतं. आता प्रत्येक बाजूच्या गल्ल्यांची टोकं एका आडव्या रस्त्याने जोडा. कोपऱ्यावरची चार टोकं नुसती वळणं होतात, बाकी सहा तिठे होतात, बंद टोक एकच उरतं. प्रमाण १२ भागिले १३, म्हणजे ०.९२. फरक फक्त दोन आडव्या रस्त्यांचा.

आपल्याकडे हे आडवे रस्ते का राहतात? जमीन गटागटाने बिनशेती होते. प्रत्येक मालक आपल्या गटापुरता लेआउट करतो आणि रस्ता बांधाला जाऊन थांबतो. पलीकडच्या गटाचा रस्ताही त्याच बांधाला येऊन थांबतो, पण समोरासमोर नाही. गुंठेवारीत तर प्लॉट लहान आणि गल्ल्या दाट, त्यामुळे चौकांची घनता भरपूर दिसते आणि जोडणी मात्र नसते. म्हणून घनता आणि बंद टोकांचं प्रमाण नेहमी शेजारी शेजारी छापा.

वळशाच्या मोजमापातही असाच सापळा आहे. ओएसएमएनएक्स देतं ती सरासरी ‘सर्क्युइटी’ (रस्त्याचं अंतर भागिले सरळ अंतर) एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतच्या तुकड्याची असते. वरच्या लेआउटमधला प्रत्येक तुकडा सरळ आहे, म्हणजे ती १ च्या आसपास येईल, जणू कुणालाच वळसा पडत नाही. खरा वळसा मोजायचा तर सरळ रेषेत ४०० ते ८०० मीटरवर असलेल्या घरांच्या जोड्या निवडा, रस्त्याने अंतर काढा आणि सरळ अंतराने भागा.

काळ मोजताना

नकाशात रस्ता कधी काढला गेला, ही तारीख तो रस्ता बांधल्याची तारीख नव्हे. काही वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या ओपनस्ट्रीटमॅपची तुलना केलीत तर शहराऐवजी नकाशा काढणाऱ्यांचा उत्साह मोजला जातो. रस्ते आजच्या नकाशातूनच घ्या आणि त्यांचं वय उपग्रहचित्रांवरून ठरवा. युरोपीय आयोगाच्या जीएचएसएल संचात १९७५ पासूनचं बांधकामक्षेत्र मिळतं, गूगल अर्थ प्रोमध्ये जुनी चित्रं पाहता येतात. मग प्रत्येक काळात नव्याने झालेल्या रस्त्यांचाच हिशेब वेगळा करा. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या नव्या रस्त्यांचा असा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की तिथली आखणी १९९४ च्या सुमारास सर्वांत तुटक होती आणि नंतर सुधारू लागली. संपूर्ण शहराच्या सरासरीत पेठांची दाट वीण कडेच्या वसाहती झाकून टाकते.

डोंगर, झोन आणि न काढलेल्या वसाहती

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला थांबणारा रस्ता हा आखणीचा दोष नव्हे. उताराचा नकाशा खाली ठेवा आणि अशी टोकं वेगळ्या रंगात दाखवा. अंतरं अंशांत नव्हे, मीटरमध्ये मोजा: त्यासाठी मीटरमध्ये मोजणारी यूटीएम ही नकाशापद्धत निवडा, साताऱ्यासाठी तिचा झोन ४३ उत्तर (क्यूजीआयएसमधला ईपीएसजी सांकेतांक ३२६४३). पूर्व विदर्भात ७८ अंश रेखांशाच्या पलीकडे, म्हणजे नागपूर-चंद्रपूरला, झोन ४४ लागतो. कडेच्या नव्या वसाहती नकाशात नसतील तर उपग्रहचित्रावरून आधी त्या काढा. त्या नसताना आकडे सुधारलेले दिसतात.

शेवटी बंद टोकांची यादी घेऊन प्रत्यक्ष फिरा. दोन रस्ते एकाच बांधाला दोन्ही बाजूंनी येऊन थांबलेत आणि मधली जागा अजून मोकळी आहे, अशी ठिकाणं सर्वांत मोलाची. गट क्रमांकासह त्यांची खूण करा. विकास आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला होतो तेव्हा शहराच्या सरासरीपेक्षा अशा दहा जागांचा नकाशा नगररचना कार्यालयाला जास्त उपयोगी पडतो, कारण त्यातल्या प्रत्येक जागी रस्ता आखता येतो.