खाडीचे पाणी गढूळ असताना होडीतून गळ टाकता? या चुका टाळा

कोजागरी पौर्णिमेच्या दिवशी मी आणि माझे मामा वेलदूरहून होडी घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळच्या खाडीत गळाच्या मासेमारीसाठी गेलो होतो. सकाळी साडेआठ वाजता आम्ही निघालो आणि रात्री पावणेआठला किनाऱ्याला लागलो. सव्वाअकरा तासांत दोन शेंगट्या (मिशा असलेले मासे) मिळाल्या, तीन गऱ्या (गळाचे आकडे) तळाच्या कचऱ्यात अडकून तुटल्या आणि प्रत्येक वेळी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, वर ओढल्यावर त्याला कुजका पालापाचोळा लोंबत आला. आदल्या आठवड्यात परतीचा पाऊस जोरात पडून गेला होता आणि वाशिष्ठी नदीने आणलेल्या तांबड्या मातीमुळे खाडी चहासारखी दिसत होती. घरी येईपर्यंत आम्ही दोघेही पाण्यालाच दोष देत होतो. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार केला, तेव्हा मात्र पटले की गढूळ पाणी ही अडचण होती, पण दिवस वाया घालवला तो आमच्याच निर्णयांनी. खाडीच्या गढूळपणाला वेळ असते, जागा असते आणि कधी कधी थरही असतात. या तिन्हींकडे आमचे दुर्लक्ष झाले होते.

तिथी न पाहता सुट्टी पाहून निघणे

कोजागरीला सुट्टी जुळून आली म्हणून आम्ही तो दिवस ठरवला. पौर्णिमा आणि अमावास्या हे उधाणाचे दिवस असतात, किंबहुना उधाणाचा जोर त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. उधाणात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत मोठा फरक पडतो, तेवढे पाणी सहा तासांत आत यायचे आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जायचे म्हणजे प्रवाहाला वेग येतो आणि हा वेग तळाचा गाळ सतत ढवळत राहतो. अष्टमीनंतरच्या भांगाच्या दिवसांत हाच प्रवाह मंदावतो, गाळ खाली बसायला अवधी मिळतो आणि तीच खाडी पुष्कळ निवळलेली दिसते. नदीने माती आणलेली असताना त्यात उधाण निवडणे म्हणजे गढूळपणा दुप्पट करून घेणे होय.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पाणी भरते, त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हा अंदाज आहे, त्यामुळे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी तो पडताळून घ्यावा आणि खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते, हेही ध्यानात ठेवावे. आमच्या दिवशी सकाळी साडेआठला, म्हणजे भरतीचा ओढ अगदी भरात असताना, आम्ही होडी सोडली होती.

गढूळ पट्ट्याबरोबरच प्रवास करणे

ही चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती करत असताना आपण काही चुकत आहोत असे जाणवतच नाही.

नदीच्या गोड्या पाण्यातून आलेले चिकणमातीचे बारीक कण खाऱ्या पाण्याला भेटले की एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि ते खाली बसू लागतात. प्रवाह जोराचा असला की तेच गोळे पुन्हा उचलले जातात. यामुळे खाडीतला सर्वांत गढूळ भाग मुखाशी नसतो. तो बहुधा गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेजवळचा एक पट्टा असतो आणि हा पट्टा एका जागी राहत नाही. भरतीबरोबर तो आत सरकतो, ओहोटीबरोबर मुखाकडे येतो. दाभोळच्या खाडीत ही सीमा केवळ पावसावर ठरत नाही, कारण कोयना प्रकल्पाच्या पोफळी येथील वीजनिर्मितीनंतरचे पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते आणि त्यामुळे या नदीला उन्हाळ्यातही गोडे पाणी असते.

त्या दिवशी आम्ही भरतीच्या ओढाबरोबर मालदोलीच्या दिशेने आत गेलो, कारण प्रवाहाची साथ मिळाली की इंधन वाचते. पाणी निवळेल या आशेने दोनदा जागा बदलली, पण दोन्ही वेळा आणखी आतच सरकलो. ओहोटी लागल्यावर त्याच प्रवाहाबरोबर परत फिरलो. सारांश असा की गढूळ पट्टा आत गेला तेव्हा आम्ही त्याच्यासोबत आत गेलो आणि तो बाहेर आला तेव्हा त्याच्यासोबत बाहेर आलो. दिवसभरात आम्ही आठ ठिकाणी गळ टाकला, पण पाणी मात्र आठही ठिकाणी तेच होते.

अशा दिवशी भरतीचे शेवटचे दोन तास मुखाकडच्या भागात, म्हणजे वेलदूर आणि अंजनवेलच्या बाजूला काढायला हवे होते. त्या वेळी समुद्राचे स्वच्छ पाणी आत आलेले असते आणि ते खाडीच्या पाण्याला जिथे भिडते तिथे पाण्यावर फेसाची आणि काटक्यांची एक रेघ स्पष्ट दिसते. रेघेच्या एका बाजूला हिरवट आणि दुसऱ्या बाजूला मातकट पाणी असते. होडी हिरवट बाजूला ठेवून गळ रेघेच्या कडेला सोडावा, कारण बोयट माशांची पिल्ले आणि सुंगटे (कोळंबी) याच रेघेत गोळा होतात आणि त्यांना खाणारे मासेही तिथेच फिरतात. दुसरी चांगली जागा म्हणजे तिवरांच्या आणि कांदळांच्या रानात शिरणाऱ्या लहान चरांची तोंडे. पूर्ण भरतीच्या वेळी प्रवाह थांबतो, त्या अर्ध्यापाऊण तासात या आडोशांना गाळ खाली बसतो आणि तांबोशी, जिताडा, पालू यांसारखे मासे मुळांच्या आसपास हिंडत असतात. ओहोटी सुरू होताच चरांतून सगळा चिखल बाहेर येऊ लागतो, तेव्हा तिथून निघावे.

गढूळपणा नुसत्या नजरेने ठरवणे

होडीतून पाहिलेले पाणी फसवते. ढग असले की ते अधिक मळके दिसते, ऊन तिरपे पडले की चकाकीमुळे काहीच कळत नाही. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे मोजण्याची पद्धत रूढ केली. आपल्याला त्यासाठी पांढरी इनॅमलची ताटली, खाली बांधायला थोडे वजन आणि प्रत्येक वितीवर गाठ मारलेली दोरी एवढे पुरते. होडीच्या सावलीच्या बाजूने ताटली सोडावी आणि ती दिसेनाशी झाली की गाठी मोजाव्यात. माझ्या अनुभवात ताटली एका वितीच्या आत नाहीशी झाली तर जागा सोडणे श्रेयस्कर, एका हाताच्या पुढे दिसत राहिली तर मनापासून प्रयत्न करावा. त्या पौर्णिमेला ताटली आमच्याजवळ नव्हती. असती तर दुसऱ्याच ठिकाणी आम्हाला मागे फिरावेसे वाटले असते.

भांगाच्या दिवसांत आणखी एक परीक्षा करता येते. गोडे पाणी हलके असल्याने ते वर तरंगते आणि जड खारे पाणी त्याच्या खाली पाचरीसारखे आत शिरते. काचेच्या पारदर्शक बाटलीला वजन बांधावे, तोंडाला सैल बूच लावून बुचाला वेगळी दोरी अडकवावी, बाटली दोन वाव (सुमारे बारा फूट) खाली सोडावी आणि मग बूच ओढावे. वर आलेले पाणी उजेडासमोर धरले की खालचा थर वरच्यापेक्षा निवळ आहे का हे लगेच समजते. तसा तो असेल तर वरचे मातकट पाणी पाहून निराश होऊ नये आणि गळ तळालगतच ठेवावा. उधाणात मात्र जोरामुळे थर मिसळून जातात, त्यामुळे खालीही तोच चिखल असतो.

मासा आमिष पाहील असे गृहीत धरणे

स्वच्छ पाण्यात मी जे करतो तेच मी त्या दिवशी केले. पातळ तंगूस वापरला, चकाकणारे कृत्रिम आमिष भराभर ओढत राहिलो आणि दहा मिनिटांत ओढ लागली नाही की जागा बदलली. गढूळ पाण्यात मासा वासावर आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदनारेषेवर अवलंबून असतो, जिच्यामुळे त्याला पाण्यातील हालचाल आणि कंप जाणवतात. म्हणून जिवंत सुंगट हे अशा पाण्यातील सर्वोत्तम आमिष आहे. ते गरीला लावताना शेपटीकडील शेवटच्या कवचातून लावावे किंवा डोक्यावरच्या काट्याखालून, पण आतील गडद ठिपक्याला धक्का न लावता लावावे. तो ठिपका दुखावला की सुंगट तत्काळ मरते. जिवंत आमिष नसेल तर बांगड्याची किंवा तारलीची तिरकी कापलेली पट्टी घ्यावी, कारण या माशांच्या तेलाचा वास पाण्यात दूरवर जातो. हा वास वीसेक मिनिटांत धुऊन जातो आणि मांस पांढरे पडते. मासा लागला नसला तरी त्या वेळी पट्टी बदलावी. बारीक मासे आणि चिंबोऱ्या आमिष कुरतडत असतील तर ते शिवणाच्या दोऱ्याने गरीला गुंडाळावे.

वास पसरायला वेळ लागतो, हे आम्ही पूर्णपणे विसरलो होतो. होडी अपेक्षित जागेच्या वरच्या अंगाला नांगरावी, म्हणजे प्रवाह वास त्या जागेकडे घेऊन जाईल, आणि किमान अर्धा तास तिथेच थांबावे. कृत्रिम आमिषच वापरायचे असेल तर काळे किंवा गडद जांभळे घ्यावे, कारण खालून पाहणाऱ्या माशाला त्याची आकृती उजेडावर उठून दिसते. आत खुळखुळणारे गोळे असलेले असेल तर अधिक चांगले. ते सावकाश ओढावे. तंगूस थोडा जाड असला तरी या पाण्यात बिघडत नाही, उलट कालवांच्या कडांवर घासला तरी तो टिकतो.

शिसे आणि नांगर

मामा दुपारी दोनदा म्हणाले, "अरे, शिसं तळाला टिकतच नाहीये, वाहत चाललंय." तरीही मी वजन बदलले नाही, आणि हा निव्वळ आळस होता. शिसे हलके असले की तंगूस तिरपा होतो, आमिष तळापासून वर उचलले जाते आणि वाहत्या पाचोळ्याच्या थरात फिरत राहते. ओढाच्या जोराप्रमाणे बदलता यावीत म्हणून ५० ते १५० ग्रॅमपर्यंतची तीन-चार वजने जवळ ठेवावीत आणि तळाचा ठोका हाताला स्पष्ट जाणवेल असे सर्वांत हलके वजन निवडावे. पाचोळा फारच येत असेल तर त्या वेळेपुरते मुख्य प्रवाहातून बाजूला व्हावे, दुसरा उपाय नाही.

नांगर नेहमी नाळेकडूनच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडूनच टाकावा. वरामण्याकडून, म्हणजे मागच्या टोकाकडून टाकलेला नांगर ओढात होडीची मागची बाजू खाली खेचतो आणि पाणी आत घेतो. दोरी खोलीच्या किमान तिप्पट आणि उधाणात चार-पाच पट सोडावी. आमची दोरी आखूड होती, नांगर चिखलात धरत नव्हता आणि होडी हळूहळू सरकत डोलजाळ्याच्या (प्रवाहात खुंटांना बांधलेल्या जाळ्याच्या) खुंटांजवळ गेली होती. गढूळ पाण्यात बुडालेले खुंट दिसत नाहीत, त्यामुळे ती जागा ओहोटीच्या वेळी आधीच पाहून ठेवणे आवश्यक आहे.

शेंगटीला घाईने हात घालणे

गढूळ पाण्यात शेंगटीच अधिक लागते, कारण ती मिशांनी आणि वासाने अन्न शोधते. तिच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या पंखांच्या काट्यांना दाते आणि विष असते. गरी पकडीने काढावी. काटा लागलाच तर जखम धुऊन तो भाग सहन होईल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, उष्णतेने विषाचा प्रभाव उतरतो. काट्याचा तुकडा आत राहिला असल्यास किंवा सूज वाढत असल्यास डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे.

ओहोटीत परतीला उशीर करणे

हाती काही लागले नाही म्हणून "अजून अर्धा तास" असे करत आम्ही साडेचारपर्यंत खाडीतच थांबलो. पावणेपाचला होडी खाजणाच्या (भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या चिखलट जमिनीच्या) कडेला चिखलात रुतली आणि पाणी पाहता पाहता पाच-सहा हात दूर गेले. मी खाली उतरून ढकलायला निघालो होतो, मामांनी मला दंड धरून मागे ओढले. असा चिखल मांडीपर्यंत गिळतो, त्यात कालवांच्या धारदार कडा असतात आणि वाशिष्ठीच्या या भागात मगरी आहेत. रुतलेल्या होडीतून उतरू नये. नांगर खोल पाण्याच्या बाजूला जमेल तितका दूर फेकून दोरी ताणून बांधावी, लाइफ जॅकेट अंगात असू द्यावे, घरी फोन करून उशीर होईल असे कळवावे आणि भरतीची वाट पाहावी. आमची होडी पावणेसातला तरंगली. परत येताना अंधार होता, पण सुदैवाने पौर्णिमेचे चांदणे होते. टॉर्च मी घरीच विसरलो होतो.

दहा दिवसांनी, वद्य दशमीला, आम्ही पुन्हा निघालो. हिशोबाप्रमाणे भरती साडेसातला होती, म्हणून पहाटे साडेपाचलाच वेलदूरहून निघून मुखाकडेच थांबलो. ताटली दीड हातावर दिसेनाशी झाली. रेघेच्या कडेला जिवंत सुंगटांवर साडेआठपर्यंत दोन तांबोश्या आणि एक लहान जिताडा लागला. जिताडा आम्ही परत सोडला आणि ओहोटीचा ओढ वाढण्यापूर्वी घरी आलो.