मुलांसोबत बिल्डिंगचं निर्माल्य गोळा करताय? या चुका टाळा

गणपतीत जिन्याखाली ‘निर्माल्य इथे टाका’ असा डबा ठेवला, की दुसऱ्या दिवशी त्यात हारांसोबत थर्माकोल, अगरबत्तीची पाकिटं आणि अर्धा मोदक निघतो. निर्माल्याचं खत करायचं असेल तर त्यापेक्षा रोज ठरल्या वेळी दारोदार जा. ‘काकू, निर्माल्य आहे का?’ हे मुलांनी विचारायचं, आईबाबांनी मागे बादली धरायची. बहुतेक घरांत उलटं होतं: मोठे बोलतात, पोरं लाजून कठड्याला टेकतात. मग दोन दिवसांत त्यांचा उत्साह ओसरतो.

प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून फुलं ठेवणं ही नेहमीची चूक. हवा नसल्यानं ती रात्रभरात कुजून वास मारतात आणि मुलं पुन्हा हात लावत नाहीत. टोपली किंवा उघडी बादली घ्या, त्याच संध्याकाळी निवडा. पाच-सहा वर्षांच्यांनी पाकळ्या सोडवाव्यात, आठ-दहा वर्षांच्यांनी बोथट टोकाच्या कात्रीनं दोरे कापावेत. हातमोजे सगळ्यांना, हारात टाचण्या आणि तारा असतात. नायलॉनचा दोरा, जरीचे धागे, प्लास्टिकचे मणी बाजूला. नारळ फोडून वाटून टाका, खतात घालू नका.

खरी फजिती खताच्या ड्रममध्ये होते. बुडाला आणि बाजूला भोकं हवीत, तळाशी चार बोटं नारळाच्या शेंड्या. मग बादलीभर फुलांना किमान तेवढाच सुका पाला, मूठभर जुनं खत, आणि प्रत्येक वेळी वरून पाल्याचं पांघरूण. सप्टेंबरात सुका पाला मिळत नाही, पावसानं भिजलेला असतो. म्हणून उन्हाळ्यातच दोन पोती भरून ठेवावीत. नसेल तर लाकडाचा भुसा किंवा पुठ्ठ्याचे तुकडे चालतात. ड्रममधलं मिश्रण मुठीत दाबलं की एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाला वाढवा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. वास येतोय म्हणजे आत हवा नाही: दर तीन-चार दिवसांनी खालवर करा. अळ्या बहुधा नैवेद्यामुळे होतात, त्या झाडांना अपाय करत नाहीत. पण शेजारच्या आजी घाबरतील, तेव्हा झाकण जाळीचं लावा.

चॉकलेटचं आमिष नको, आणि ‘कोणी जास्त गोळा केलं’ अशी शर्यत तर मुळीच नको. शर्यत लावली की पोरं एकमेकांच्या मजल्यांवरून भांडतात. मजले वाटून द्या, पण जोडीनं, दोन वेगवेगळ्या घरांतली मुलं एकत्र. एखाद्यानं निर्माल्य नदीतच सोडायचं म्हटलं तर मुलांनी वाद घालू नये. नमस्कार करून पुढच्या दारी जावं. विसर्जनाच्या घाटावर लहान मुलांना पाण्याच्या काठावर उभं करू नका. गोळा करण्याचं काम बिल्डिंगमध्येच आटोपा.

साधारण दोन महिन्यांत खत भुरभुरीत आणि मातकट वासाचं होतं. चाळून किलो-अर्धा किलोच्या पुड्या बांधा आणि ज्यांनी फुलं दिली त्यांच्याच दारी मुलांना पाठवा, तुळशीसाठी. हे राहून गेलं तर पुढच्या वर्षी दारं उघडायला वेळ लागतो.