कोंगो: हात सुटला की नजर वर येते

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं घर. तबला घरात आजोबांपासून आहे. मीही सूरसागर तलावासमोरच्या म्युझिक कॉलेजात तबल्याचाच डिप्लोमा केला. ही संस्था सयाजीरावांच्या काळात १८८६ साली गायनशाळा म्हणून सुरू झाली. कोंगो, म्हणजे हातांनी वाजवायचा उंच ढोल, हातात आला तो पुढे, गरब्याच्या ऑर्केस्ट्रात. आता मी शिकवते, आणि शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच विचारतो: ताई, हात जमतोय, पण स्टेजवर मी अवघडल्यासारखा दिसतो, काय करू? माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी हात दाखव.

आपल्याकडे सगळे कोंगोच म्हणतात. क्यूबात, जिथे हे वाद्य घडलं, तिथे त्याला तुंबादोरा म्हणतात. लहान तोंडाचा किंतो, मधला कोंगा, मोठा तुंबा. मी गरब्याला शेवटचे दोन घेते. तुंबा षड्ज धरला तर कोंगा मध्यमाला लावते, म्हणजे दोन्हींचे आवाज एकमेकांत मिसळत नाहीत.

तबल्यावरून येणाऱ्यांची पहिली अडचण बोटं. तबल्यावर एकेक बोट वेगळं कामाला लागतं. कोंगोवर चारही बोटं मिळून एक होतात आणि हात मनगटापासून, थोडा कोपरापासूनही, पडतो. ओपन टोनला, म्हणजे मोकळ्या, घुमणाऱ्या आवाजाला, बोटांच्या मुळाशी असलेली तळव्याची गादी कडेवर येते, बोटं कातड्यावर सपाट पडतात आणि लगेच उडतात. अंगठा बाजूला, वर. तो रिंगवर आपटला तर दोन दिवस चमचा धरवत नाही. बेससाठी पूर्ण तळवा मध्यावर. पण वाद्य जमिनीला चिकटून ठेवलं तर खालची हवा कोंडते आणि बेस बसका येतो. बसून वाजवत असाल तर कोंगो पायांमध्ये किंचित तिरका धरा, उभ्याने वाजवत असाल तर स्टँड घ्या. तोंड कमरेच्या आसपास यावं. त्याहून उंच ठेवलं की खांदे वर चढतात.

स्लॅपवर, म्हणजे कोरड्या, फटकाऱ्यासारख्या आवाजावर, थोडं थांबते, कारण सगळे तिथेच चुकतात आणि मीही आठ महिने चुकले. स्लॅप म्हणजे जोर, असं वाटतं. तसं नाही. हात ओपन टोनच्याच जागी पडतो, फक्त पंजा अगदी थोडा खोलगट होतो, ओंजळीच्या एका बाजूसारखा. बोटं ढिली असतात आणि शेवटच्या क्षणी त्यांची टोकं ओल्या फडक्याच्या झटक्यासारखी कातड्यावर येतात. माझा स्लॅप लागला तो ताप येऊन गेल्यावर. अंगात ताकदच नव्हती, नुसता हात टाकत होते, आणि एकदम तो कोरडा, फुटल्यासारखा आवाज आला. मी थांबले, पुन्हा टाकला, पुन्हा आला. तेव्हापासून विद्यार्थ्याला सांगते: आधी हात मांडीवर मेल्यासारखा पडू दे, मग तोच हात कातड्यावर टाक. एका बैठकीत स्लॅप दहा मिनिटांपेक्षा जास्त करू नका.

मग डाव्या हाताचा झोका: तळव्याची टाच, मग बोटांची टोकं, टाच, टोकं. आवाज जेमतेम यायला हवा. मेट्रोनोम साठवर लावून रोज दहा मिनिटं आधी डावा, मग उजवा. तो जमला की तुंबाओ, म्हणजे कोंगोचा मूळ ठेका. आठ मात्रांत तो असा बसतो: डावी टाच, डावी टोकं, उजवा स्लॅप, डावी टोकं, डावी टाच, डावी टोकं, उजवा ओपन, उजवा ओपन. केहरवा वाजवणाऱ्याचा हात इथे गोंधळतो, कारण आपलं सगळं वजन समेवर असतं आणि तुंबाओचं वजन सातव्या-आठव्या मात्रेवर. सम जवळजवळ मुकी जाते. मी पहिले पंधरा दिवस तोंडाने आठही मात्रा मोजल्या, सात-आठ मोठ्याने. ही उलटी ओढ अंगात उतरली की हींच हा गरब्याचा ताल वाजवतानाही कुठे गप्प राहायचं ते कळू लागतं.

आता हातांची काळजी. पहिल्या वर्षी तिसऱ्या माळेला माझं उजवं मधलं बोट टोकाशी फाटलं आणि कोंगोच्या पांढऱ्या कातड्यावर रक्ताचे ठिपके उठले. कारण साधं होतं: मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. मॉनिटर, म्हणजे स्टेजवरच्यांना ऐकू यावं म्हणून असलेले स्पीकर, गायकांसाठी ठेवले होते, माझ्यासमोर नव्हता, आणि मी मागितलाही नाही. ऐकू यावं म्हणून मी आपटत गेले. उरलेल्या सहा रात्री टेप लावून काढल्या. साउंडचेकला आता मी दोनच गोष्टी मागते: मॉनिटरमध्ये गायिकेचा गळा आणि माझा कोंगो. माइक कातड्यापासून चार-पाच बोटं वर ठेवायला सांगते. हे मिळाल्याशिवाय वाजवायला उभं राहू नका. आणखी एक लक्षात ठेवा. तासन्‌तास जोरात आपटल्याने तळहातातल्या रक्तपेशी फुटून लघवी लालसर, तपकिरी होऊ शकते. तसं दिसलं तर वाजवणं थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

वाजवण्याआधी पाच मिनिटं कोमट पाण्यात हात. नखं कापलेली. अंगठ्या, बांगड्या पर्समध्ये. ओढणी मागे घट्ट पिन केलेली, कारण घसरली की हात तिकडे जातो आणि लय जाते.

आणि आता नजर. आमच्या मैदानावर स्टेज मधोमध असतो, गरबा भोवती फिरतो. म्हणजे कुठेही तोंड केलं तरी कुणाकडे तरी पाठ असते. मी सुरुवातीला खाली कातड्याकडेच बघायची. भावाने फोनवर काढलेला व्हिडिओ पाहिला तर अडीच मिनिटांत चेहरा एकदाही वर नव्हता, ओठ आवळलेले, खांदे कानाजवळ. त्याच रात्री गायिका जवळ येऊन म्हणाली होती, ‘‘बेन, मारी सामे जोजो.’’ म्हणजे, ताई, माझ्याकडे बघत जा. तिला चाल बदलायची होती, डोळ्यांनी सांगत होती, आणि मी बघतच नव्हते.

तिथून मी घरी एक सराव सुरू केला आणि तो सगळ्यांना देते. तुंबाओ सुरू करायचा आणि बोलायचं. आई स्वयंपाकघरातून विचारते, आमटीत गूळ किती घालू, मी उत्तर देते, हात चालू. कॅलेंडरवरच्या तिथी मोठ्याने वाचते. आधी बोललं की हात अडखळतो, हात धरला की बोलणं तुटतं. महिनाभरात दोन्ही वेगळे होतात. हात जेव्हा माझ्या डोळ्यांशिवाय चालतो, तेव्हाच डोळे गायिकेला आणि लोकांना देता येतात. मुद्दाम हसायला, मान हलवायला मी कुणालाच शिकवत नाही. आरशासमोर फक्त खांदे आणि जबडा बघायला सांगते. पोर्तो रिकोचे कोंगोवादक जियोवानी हिदाल्गो यांचा एखादा व्हिडिओ आवाज बंद करून बघा आणि फक्त त्यांच्या खांद्यांकडे लक्ष द्या.

वाजवत नसाल तेव्हाही तुम्ही स्टेजवरच असता. गायिका आलाप घेते तेव्हा मी दोन्ही हात कातड्यावर टेकवून उभी राहते आणि तिच्याकडे बघत ऐकते. घाम पुसणं, फोन बघणं, पाना शोधणं नाही. दर रिकाम्या जागेत कोंगो भरणाऱ्याकडे लोक थोड्या वेळाने बघेनासे होतात. थांबलेला हात पुन्हा उचलला की माना वळतात.

रात्री दव पडतं आणि कातडं उतरतं, म्हणून मध्यंतरात पाना घेऊन समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे चढवा, एकच बाजू ओढू नका. बारा वाजता आवाज बंद झाला की सगळे बोल्ट सैल करा, नाहीतर दुपारच्या उन्हात कातडं ताणून फाटतं. मग घरी जाऊन तळहाताला खोबरेल चोळा. वाजवण्याआधी मात्र तेल नको, हात सरकतो.