क्लोराइड चॅनल: अभ्यासात आणि प्रयोगात या चुका टाळा

क्लोराइड चॅनल म्हणजे ऋण प्रभाराच्या क्लोराइड आयनांना वाट देणारं, पेशीपटलातलं प्रथिन. उत्तरपत्रिकांमध्ये त्याच्याबद्दल एक वाक्य हमखास सापडतं: 'क्लोराइड चॅनल उघडला की क्लोराइड पेशीत शिरतो आणि पेशी शांत होते.' चेतापेशीपुरतं ते बरेचदा खपूनही जातं. मग प्रश्न घामाचा किंवा आतड्याचा आला, की गाडी अडते. चॅनल आयनांना ढकलत नाही, फक्त वाट मोकळी करतो. क्लोराइड कुठे जाणार, हे दोन्ही बाजूंचं त्याचं प्रमाण आणि पेशीपटलावरचा विद्युत विभव मिळून ठरवतात.

आकडे घालून बघा. बाहेर क्लोराइड ११० मिलिमोल प्रति लिटर, आत ७. शरीराच्या तापमानाला नर्न्स्टच्या समीकरणातून त्याचा समतोल विभव (ज्यावर क्लोराइडची निव्वळ ये-जा थांबते) येतो साधारण उणे ७३ मिलिव्होल्ट. पेशीचा विभव उणे ६५ असेल, तर क्लोराइड आत येईल आणि आतली बाजू आणखी ऋण होईल. आता आतलं प्रमाण ३० करा. समतोल उणे ३४ वर येतो, आणि तोच चॅनल उघडला तरी क्लोराइड बाहेर पडतो. कोवळ्या चेतापेशींत खरोखर असं दिसतं. तिथे क्लोराइड आत ओढणारा एनकेसीसी१ हा वाहक जोरात असतो, बाहेर काढणारा केसीसी२ हा वाहक अजून पुरेसा आलेला नसतो. म्हणून गाबा (क्लोराइड चॅनल उघडणारा, मेंदूतला रासायनिक संदेशवाहक) ज्या पेशीला एरवी आवरतो, तिचाच विभव लहान वयात तो वर नेतो. 'गाबा म्हणजे शामक' एवढंच पाठ केलं असेल, तर हे कोडंच वाटणार.

पॅच क्लॅम्पवर (काचेची बारीक पिपेट पेशीला चिकटवून करंट मोजण्याच्या यंत्रणेवर) बसणाऱ्यांची सगळ्यात जुनी गफलत चिन्हाची. आलेख वर गेला, म्हणजे करंट 'बाहेर', म्हणून क्लोराइडही बाहेर, असं लिहिलं जातं. करंटची दिशा धन प्रभाराच्या हिशेबानं मोजतात. ऋण आयन आत शिरला की आलेख वरच जातो.

त्याहून महागात पडतो पिपेटमधला द्राव. सवयीनं १४० मिलिमोल पोटॅशियम क्लोराइड भरलं, की पेशीचं आतलं क्लोराइड थोड्याच वेळात पिपेटसारखं होतं आणि समतोल विभव शून्याजवळ येतो. उणे ७० वर धरलेल्या पेशीत मग गाबा दिल्यावर भलामोठा आत जाणारा करंट दिसतो. तो तुमच्या द्रावाचा गुण आहे. पेशी मुळात कशी वागते हे त्यातून कळत नाही. तेच हवं असेल, तर ग्रॅमिसिडिन या प्रतिजैविकानं पटलाला छिद्रं पाडून नोंद घ्या. त्या छिद्रांतून सोडियम-पोटॅशियम जातात, क्लोराइड जात नाही, त्यामुळे आतलं प्रमाण शाबूत राहतं. आणि बाहेरच्या द्रावातलं क्लोराइड बदलणार असाल, तर चांदीची तार थेट त्यात बुडवू नका. सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडचा स्वतःचा विभव क्लोराइडबरोबर सरकतो आणि ते सरकणं चॅनलच्या नावावर जमा होतं. मध्ये पोटॅशियम क्लोराइडचा आगर ब्रिज (क्षारयुक्त आगर भरलेली नळी) घाला.

आता घाम. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात सीएफटीआर हा क्लोराइड चॅनल बिघडतो, क्लोराइड पटलातून जात नाही. मग घाम खारट कसा? इथे भलेभले अडखळतात. घर्मग्रंथीच्या तळाशी घाम तयार होतो तो बहुतांशी सीएफटीआरविनाही होतो. सीएफटीआरचं काम वरच्या नलिकेत असतं: बाहेर निघालेल्या घामातून क्लोराइड परत आत घेणं. ते थांबलं की सोडियमही मागे राहतं आणि मीठ त्वचेवर येतं. नलिकेला क्लोराइड ओलांडता येत नाही, हे संशोधक पॉल क्विंटन यांनी १९८३ मध्ये दाखवलं. श्वासनलिकेत आणि आतड्यात मात्र तोच सीएफटीआर क्लोराइड आणि बायकार्बोनेट बाहेर सोडतो. म्हणून तो बिघडला की तिकडे द्राव दाट होतो.

घामाच्या चाचणीत क्लोराइड ६० मिलिमोल प्रति लिटर किंवा जास्त आलं, तर रोगाकडे बोट जातं. ३० ते ५९ मधला निकाल पुढच्या तपासण्या मागतो. पण घाम कमी गोळा झाला किंवा गोळा करताना त्यातलं पाणी उडालं, तर आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. पाणी उडाल्यावर तो खोटाच फुगतो. अपुरा नमुना 'चालवून' घेऊ नये, चाचणी पुन्हा करावी.

कॉलऱ्यात उलटं घडतं. जंतूच्या विषामुळे पेशीत सायक्लिक एएमपी हा संदेश देणारा रेणू वाढतो, सीएफटीआर उघडाच राहतो, क्लोराइडमागे सोडियम आणि पाणी आतड्यात ओततं. हे विष शंभुनाथ डे यांनी कोलकात्यात सशाच्या आतड्यावर प्रयोग करून १९५९ मध्ये दाखवून दिलं. ओआरएसमुळे सीएफटीआर बंद होत नाही. ते साखरेसोबत सोडियम आत घेणारी वेगळी वाट वापरतं. त्यामुळे 'जुलाब थांबत नाहीत' म्हणून ते सोडणं ही चूक जिवावर बेतू शकते.

नावावरही जाऊ नका. सीएलसी (म्हणजे क्लोराइड चॅनल) असं नाव असलेल्या कुटुंबातला सीएलसी-१ स्नायूतला खरा चॅनल आहे, पण सीएलसी-३ ते सीएलसी-७ हे चॅनल नसून दोन क्लोराइडच्या बदल्यात एक प्रोटॉन देणारे-घेणारे वाहक आहेत.

शेवटची गोष्ट, अवरोधकांची, म्हणजे चॅनल अडवणाऱ्या रसायनांची. त्यातलंच डीआयडीएस टाकल्यावर करंट थांबला म्हणून कुठला चॅनल होता ते कळत नाही. ते अनेकांना थांबवतं. बाहेरून दिल्यावर सीएफटीआरला मात्र ते सहसा धक्का लावत नाही. निष्कर्ष लिहिण्याआधी ज्या चॅनलचा संशय आहे त्याचं जनुक गप्प करून तोच करंट पुन्हा मोजा.