दिवस राहिल्यावर अंगावरून जातंय, पोट दुखतंय... काय बघायचं आणि कधी थांबायचं नाही

टेस्ट पॉझिटिव्ह आली की पहिल्या काही आठवड्यांत बाथरूमला गेलं की प्रत्येक वेळी आधी निकर बघायची सवयच लागते, आणि काहीही दिसलं की पोटात गोळा. तर आधी हे सांगते की अंगावरून पांढरं जाणं या दिवसांत वाढतंच, हार्मोन्समुळे. पातळ, पांढरट किंवा दुधाळ, वास जवळजवळ नाही, खाज नाही, आग नाही, तर ते नॉर्मल आहे, त्याला औषध लागत नाही.

लक्ष द्यायचं ते रंग, वास आणि खाज यांच्याकडे. घट्ट, दही फुटल्यासारखं आणि जोडीला खाज म्हणजे बहुतेक फंगल इन्फेक्शन, प्रेग्नन्सीत ते खूप जणींना होतं. करडट-पांढरं पातळ आणि माशासारखा वास, विशेषतः संबंधांनंतर, तर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असू शकतं, आणि हिरवट-पिवळं फेसाळ असेल तर वेगळंच. तिन्हींवर उपचार आहेत पण औषधं वेगवेगळी आहेत, त्यामुळे मागच्या वेळची उरलेली गोळी घेऊन टाकू असं अजिबात करू नका, फंगलसाठी जी फ्लुकोनाझोलची गोळी सर्रास घेतात ती या काळात शक्यतो टाळतात आणि डॉक्टर आत ठेवायची गोळी किंवा क्रीम देतात. आतून पाणी मारून धुणं, सुगंधी वॉश वगैरेही नको, त्याने उलट बिघडतं.

ब्राऊन डाग म्हणजे बहुतेक वेळा जुनं रक्त. पाळी यायच्या सुमारास थोडं स्पॉटिंग होऊ शकतं, संबंधांनंतर किंवा आतून तपासणी झाल्यावरही होतं कारण गर्भाशयाचं तोंड नाजूक झालेलं असतं. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एकीला थोडंफार ब्लीडिंग होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढे सगळं नीट होतं. तरी डाग दिसला की डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचाच. पॅड लावा (टॅम्पॉन नको), म्हणजे किती जातंय ते कळतं.

आता पोटदुखी. पाळीसारखं हलकं ओढल्यासारखं, येऊन-जाऊन, मधेमधे गॅस आणि बद्धकोष्ठ, हे चालतं. लघवीला जळजळ आणि ओटीपोट दुखतंय तर लघवीची तपासणी करा, प्रेग्नन्सीत हे इन्फेक्शन अंगावर काढायचं नसतं. दुखण्यासाठी आयब्रुफेन वगैरे स्वतःहून घेऊ नका, पॅरासिटामोल सहसा चालते पण तीही विचारूनच.

खरी भीती आहे ती एका बाजूला टोचणाऱ्या, वाढत जाणाऱ्या दुखण्याची. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत रुजला असेल तर नळी फुटू शकते आणि रक्त आत पोटात साचतं, म्हणजे बाहेर फक्त एक डाग दिसेल किंवा तोही नाही, आणि आपण म्हणतो काही विशेष नाही! हे साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात जास्त कळून येतं (आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे). एका बाजूची कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, घाम, डोळ्यासमोर अंधारी, यातलं काही असेल तर सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. तासाला एक पॅड भिजतंय असं सलग दोन तास झालं, गाठी पडल्या, किंवा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आणि घाण वासाचं पाणी जातंय, तरी हेच.

तिथे सोनोग्राफी करतील, लवकरच्या आठवड्यांत बऱ्याचदा आतून, घाबरू नका, त्याने गर्भाला काही होत नाही. पाचव्या आठवड्याच्या आसपास गर्भाभोवतीची पिशवी आणि सहाव्याच्या आसपास ठोके दिसू लागतात, त्यामुळे "अजून काही दिसत नाही" म्हटलं म्हणजे वाईटच असं नाही, तारखा मागेपुढे असतात. बीटा एचसीजीची (प्रेग्नन्सीच्या हार्मोनची) रक्ततपासणी ४८ तासांनी परत करायला सांगतात, कारण आकडा वाढतोय की नाही ते बघायचं असतं, एका आकड्यावरून फारसं कळत नाही.

जाताना शेवटच्या पाळीची तारीख, डाग कधीपासून, रंग कसा, किती पॅड लागले, दुखणं नेमकं कुठे, हे मोबाईलमध्ये लिहून न्या, ऐनवेळी काही म्हणजे काही आठवत नाही. डागाचा फोटो काढून ठेवला तरी चालेल, डॉक्टरांना त्यात काही नवीन नाही. आणि ब्लड ग्रुपचा रिपोर्ट बरोबर घ्या, निगेटिव्ह असेल तर ब्लीडिंगनंतर अँटी-डी इंजेक्शन लागतं का ते स्वतःहून विचारा.