झेब्रा पाळायचे तर घोळक्यानंच

पहिल्यांदाच मासे पाळणाऱ्याला मी झेब्रा डॅनिओ सुचवते. हा आपल्याच उपखंडातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. संथ ओढे आणि भातखाचरांचं उथळ पाणी हे त्याचं मूळ घर, त्यामुळे थंडी-उन्हाळा दोन्ही सोसतो. १८ ते २६ अंशांत मजेत राहतो. पुण्यात माझ्या हॉलमधल्या टाकीला हीटर नाही.

दुकानदार ‘एक जोडी घेऊन जा’ म्हणाला तर ऐकू नका. आठ तरी घ्या. दोन-तीनच असले की त्यातला दांडगा बाकीच्यांच्या मागे लागतो आणि दुबळा फिल्टरमागे दबून बसतो, खायलाही पुढे येत नाही. घोळका मोठा असला की तीच पळापळ सगळ्यांत वाटली जाते. लांब पंखांचे एंजल किंवा फायटर सोबत नकोत, त्यांच्या पंखांना हे चावे घेतात.

टाकी उंच नको, लांब हवी. अडीच फूट तरी. आणि झाकण हवंच, कारण हे उड्या मारतात. वायरसाठी ठेवलेली फटसुद्धा स्पंजनं बुजवा.

नव्या टाकीत मासे सोडायची घाई मात्र बिलकूल करू नका. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक; नायट्रेट त्यामानानं सौम्य. हे जिवाणू स्थिरावायला महिना-दीड महिना लागतो. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथला वापरलेला स्पंज मागून आणा, काम लवकर होतं. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, क्लोरीननं जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नवं पाणी क्लोरीन काढूनच घाला.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, चुरून.

पिल्लं हवी असतील तर वेगळ्या टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्या पसरा आणि संध्याकाळी गोल पोटाची मादी व सडपातळ नर सोडा. सकाळी उजाडताच अंडी पडतात आणि गोट्यांच्या फटींत जातात. मोठ्यांना लगेच बाहेर काढा, नाहीतर तेच अंडी खातात.