पैसे भरण्याआधी पैसे काढण्याची वाट तपासा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, तेव्हा माल लावणाऱ्या शेतकऱ्याला अडत्याचे दुकान ठाऊक असते, त्याच्याकडे बाजार समितीचा परवाना आहे हे माहीत असते आणि पट्टीचे पैसे किती दिवसांत हातात पडतील याचाही अंदाज असतो. त्याच घरातला मुलगा टेलिग्रामवर आलेल्या लिंकवरून ऑनलाइन कॅसिनोत पाच हजार रुपये भरतो, तेव्हा मात्र पलीकडे कोण बसले आहे हे कोणी विचारत नाही. मटक्याची चिठ्ठी घेणारा निदान गल्लीतला तरी असतो. (ही त्या धंद्याची तारीफ नव्हे.) अशा संकेतस्थळांवर पैसे भरणे नेहमीच सोपे ठेवलेले असते, म्हणून तपासणी पैसे बाहेर येण्याच्या टोकापासून करावी.

त्याआधी कायद्याची बाजू स्पष्ट असावी. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, पुरवण्यास बंदी घातली आहे. असा खेळ चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यासाठी ही मर्यादा २ वर्षे आणि ५० लाख रुपये अशी आहे. निव्वळ खेळणाऱ्यासाठी या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. त्यामुळे ‘भारतात शंभर टक्के कायदेशीर’ असे लिहिणारा कॅसिनो पहिल्याच ओळीत खोटे बोलत आहे, असे समजावे.

पानाच्या तळाशी बहुधा कुरासाव किंवा तशाच दूरच्या बेटाच्या परवान्याचे चित्र असते. ते चित्र कोणालाही चिकटवता येते. परवान्याचा क्रमांक त्या देशाच्या नियामकाच्या अधिकृत यादीत स्वतः शोधावा, आणि तेथील कंपनीचे नाव व संकेतस्थळाचा पत्ता आपल्या समोरच्या पानाशी जुळतो का, हे पाहावे. तो जुळला तरी मिरजेच्या खेळाडूचे अडकलेले पैसे कॅरिबियन समुद्रातील कार्यालय सोडवून देईल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

आता मुख्य गोष्ट. पैसे भरताना यूपीआयवर कंपनीचे नाव न येता एखाद्या अनोळखी व्यक्तीचे नाव येत असेल, आणि ते दर वेळी बदलत असेल, तर ती भाड्याने घेतलेली खाती आहेत. येथे धोका केवळ पैसे बुडण्याचा नाही. अशा खात्यांतून आपल्याला ‘जिंकलेली’ म्हणून आलेली रक्कम दुसऱ्या कोणाची तरी फसवणूक करून मिळवलेली असू शकते. त्या माणसाने तक्रार केली की पैशाचा माग काढत पोलीस आपल्या खात्यापर्यंत येतात आणि बँक ते खाते गोठवते. साखर कारखान्याचे उसाचे बिल ज्या खात्यावर जमा होते तेच खाते असे बंद पडले, तर दोन हजारांच्या जिंकीपायी घराचा वर्षाचा हिशेब अडकतो.

बोनसच्या अटी वाचताना कागद-पेन्सिल जवळ घ्यावी. समजा, पाच हजारांच्या बोनसवर तीसपट खेळण्याची अट आहे; म्हणजे पैसे काढण्याआधी दीड लाख रुपयांचे डाव लावावे लागतील. रूले, म्हणजे फिरत्या चाकावरची गोळी कोणत्या घरात पडेल यावर पैसे लावण्याचा खेळ; त्याच्या एकच शून्य असलेल्या चाकावर ३७ घरे असतात आणि जिंकल्यावर मिळणारी रक्कम ३६ घरे धरून ठरवलेली असते, त्यामुळे प्रत्येक डावात सरासरी ३७ वा हिस्सा, म्हणजे सुमारे २.७ टक्के, मालकाकडे जातो. दीड लाखावर हे सुमारे चार हजार रुपये होतात. चाक प्रामाणिक असले तरच हा हिशेब लागू पडतो.

पहिल्यांदा पाचशे-हजार रुपये बिनबोभाट खात्यात येतात. तो विश्वास बसवण्याचा खर्च असतो. मोठी रक्कम काढायला गेल्यावर ‘आधी कर भरा’, ‘प्रोसेसिंग फी भरा’ असे निरोप येऊ लागतात. ऑनलाइन खेळातील निव्वळ जिंकीवरचा ३० टक्के कर द्यायच्या रकमेतूनच कापला जातो. तो कोणाच्या यूपीआयवर आगाऊ पाठवायचा नसतो. ही मागणी आली की पुढे एक रुपयाही पाठवू नये.

त्याऐवजी शिल्लक दाखवणारे पान, सर्व संभाषण, यूपीआय आयडी आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक त्या व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक) जपून ठेवावा, बँकेला कळवावे आणि लगेच १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी ते रोखता येतात, म्हणून दिवसांपेक्षा तासांना महत्त्व आहे. त्यानंतर जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जावे. लिंकवरून घेतलेले अ‍ॅप पुरावे जपल्यावर काढून टाकावे, कारण एसएमएस वाचण्याची परवानगी दिली असेल तर ओटीपीही त्याच्या हाती लागतात. आधार-पॅन दिले असल्यास आपल्या नावावर नवे कर्ज निघाले नाही ना, हे क्रेडिट अहवालात पाहावे. बुडालेले पैसे कमिशनवर परत मिळवून देणारा जो कोणी फोन करेल, तो बहुधा त्याच टोळीतला असतो. खेळ सोडवत नसेल, तर १४४१६ या टेली-मानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मोफत बोलता येते.

खाते गोठलेच, तर शाखेत भांडत बसू नये. कोणत्या राज्यातील पोलिसांची सूचना आहे, तक्रार क्रमांक काय आणि वादातील रक्कम किती, हे बँकेकडून लेखी घ्यावे. मग खात्याचा उतारा आणि उसाच्या बिलाची पावती जोडून त्या तपास अधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि संपूर्ण खात्याऐवजी फक्त वादातील रक्कम रोखून ठेवण्याची विनंती करावी.